वेळअमावस्येची न मारलेली हाक

माझे वडील आणि मामा ढोकीच्या पलीकडच्या एकाच गावचे, पण कारखान्याच्या निवडणुकीपासून दिल्लीच्या निवडणुकीपर्यंत कधी एका बाजूला उभे राहिले नाहीत. वडील सरकारला शिव्या घालणारे, मामा सरकारचा झेंडा ट्रॅक्टरवर मिरवणारा. तरी मार्गशीर्षातल्या वेळअमावस्येला, रानात जेवायच्या सणाला, तो आमच्या शेतात यायचाच. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा झाली की वडील बांधावर उभं राहून रस्त्यानं जाणाऱ्याला जेवायला हाक मारायचे. त्या दिवशी अनोळखी माणसालाही उपाशी जाऊ देत नाहीत. पहिली हाक मात्र मामाला. तोही लबाड, हाकेसाठी मुद्दाम रस्त्यावर थांबायचा.

मग एका उन्हाळ्यात सीमेवर लढाईला तोंड लागलं. आमच्या चहाच्या हॉटेलात दोन पार्ट्यांची दोन बाकडी होती, त्यांची आठ दिवसांत सरमिसळ झाली. वडील जाऊन मामाच्या लोकांत बसले.

"आता सोडायचं न्हाय. पार मिटवून टाका," ते म्हणाले.

मामा म्हणाला, "दाजी, तुम्ही तरी थांबवा म्हणा. हितं बसून आपलं काय जातंय? पोरं मरत्यात."

त्याच्याच पार्टीतले हसले. वडील उठले आणि भर हॉटेलात त्याला देशद्रोही म्हणाले. मामाच्या बाकड्यावरून हाच शब्द वडिलांनी वर्षानुवर्षं ऐकला होता.

मी तिथंच होतो. मला मामाचंच पटत होतं. मी चहा पीत राहिलो.

लढाई थांबली, पण मामाचं येणं बंद झालं ते झालंच. तरी वेळअमावस्येला आईनं सगळ्या भाज्यांची भज्जी आणि ताकातलं आंबिल नेहमीएवढंच केलं. "ह्यांनी हाक मारली की येतोय बघ," ती म्हणाली.

आणि मामा आला. ट्रॅक्टर बंद करून रस्त्यावर थांबला. वडिलांनी दूधवाल्याला हाक मारली, मग एका अनोळखी मोटारसायकलवाल्याला. मामाकडं त्यांनी मान वळवली नाही. आई कोपीच्या तोंडाशी उभी राहून माझ्याकडं बघत होती. हाक मलाही मारता आली असती. माझी हिंमत झाली नाही, याची अजून लाज वाटते.

मोटारसायकलवाला मामाच्या जागी बसला. भज्जी लई झ्याक झालीय म्हणून त्यानं दोनदा मागून घेतली. रस्त्यावर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा आईनं माझ्याकडं बघणं सोडलं होतं.