बांधावर थांबणारे धर्मामामा

धर्मामामा जिथं गाडी थांबवायचे तिथं कुणीच नसायचं. थांबा नाय, घर नाय, माणूस तर नायच नाय. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला तिवरांचं रान, मधनं आमच्या गावाचा मातीचा बांध, आणि त्या बांधाच्या मधोमध आले की मामा आपली मिनिडोर रिक्षा उभी करायचे, चावी फिरवून इंजिन बंद करायचे आणि समोर बघत बसायचे. मागं वळायचे नाय. कुणी काय विचारलं तर एकच शब्द बोलायचे, "येतान." येतायत, एवढंच.

मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा हे बघितलं. माझं माहेर माणगावकडचं, घरापासनं हायवे दिसतो, तिथं गाड्यांचा आवाज कधी बंद होत नाय. मला खाडी कशी असते ते म्हायतच नव्हतं. हातात हिरवा चुडा, सासूबरोबर देवाला चाललेली, मामांच्या अगदी पाठीमागच्या सीटवर बसलेली. गाडी बंद झाली तशी एकदम सगळं गप झालं आणि मग चिखल बोलायला लागला. खरंच सांगते, ओहोटीला तिवरांतला चिखल असा चुटचुट आवाज करतो, जसं खाली कुणीतरी तोंड उघडझाप करतंय. मी सासूला हळूच विचारलं, "कोण येतंय?" सासूनं माझं मनगट दाबलं, "गप ऱ्हा." बराच वेळ गेला. कुणी आलं नाय. मामा आपल्याशीच म्हणाले, "आज नाय वाटतं," आणि गाडी चालू केली, जसं त्यांना कुणी येऊन सांगूनच गेलं.

घरी आल्यावर शेजारची म्हणाली, "अगो, धर्मा खाडीत बुडालेल्यांना बसवून नेतो, तुला कुणी सांगितलं नाय?" ती हसत होती, पण मी त्या दिवसापासनं त्या सीटवर बसताना पदर आवळून बसायला लागले, बाजूची जागा मोकळी असली तर तिकडं बघायचीच नाय.

आणि न बसून सांगता कुणाला? गावात दुसरी गाडीच नाय. एस्टी यायची म्हणे आधी, बांध खचला तशी बंद झाली ती झालीच. पुरुषांकडं मोटारसायकली, ते सकाळीच कंपनीत निघून जातात, आमचे हे पण जातात. मग दिवसभर गावात उरतो आम्ही, ज्यांना गाडी येत नाय ते, बायका, म्हातारी माणसं, पोरंबाळं. बाकीचे मिनिडोरवाले सगळे काशीद नाय तर नागावच्या बाजूला गेले, फिरायला येणाऱ्या लोकांना घेऊन हिंडतात, तिकडं चांगलं पोट भरतं. मामांना पण बोलवलेलं. ते म्हणाले, "त्या लोकाना गाड्या हाईत गो. तुमाला कोन हाय?"

दिसायला बारीक होते मामा, कान मोठे, अंगात कायम फिका निळा शर्ट. आधी मिठागरात होते, त्यामुळं पायांचे तळवे पांढरे, भेगा पडलेले. ब्रेकवर तो पांढरा पाय ठेवलेला मला मागनं दिसायचा. बोलणं कमी. मासळी विकणारी हिराबाय गाडीत असली की तीच दोघांचं बोलायची. "मामा, तुमची गाडी का माझी म्हातारी सासू? चढ आला की खोकते!" मामा म्हणायचे, "खोकते पन पोचवते ना? तू आपली टोपली सांबाल, पानी सांडतंय माझ्या गाडीत."

मग दुर्वा झाली. तिला घेऊन येताना एकदा मामा बांधावर थांबले आणि त्या दिवशी ते आले. मी बघत होते तिवरांकडं, तिथं काय नव्हतं, नुसती पानं. आणि बघता बघता पानांतनं माणसं झाली. चार का पाच जण. पायांचा आवाज नाय, बोलणं नाय. गुडघ्यापर्यंत चिखल लागलेला, त्यामुळं खालचे पाय दिसतच नव्हते, चिखलातनं नुसती अंगंच उगवून आल्यासारखी. मी पोरीला छातीशी एवढी दाबली की ती रडायला लागली. हिराबाय म्हणाली, "आले मामांचे पाव्हणे. सरका गो बायांनो." पाव्हणे म्हणजे पलीकडच्या वाडीवरची कातकरी माणसं होती, चिंबोऱ्या-खेकडे धरायला आलेली. माणसंच होती. ते कळलं तरी माझी धडधड काय कमी झाली नाय. ती चढली, खाली पायांशीच बसली, सीट मोकळी असून. मामा काचेत बघून म्हणाले, "सोमे, वर बस. सीट काय चावनार नाय तुला." तेव्हा त्यातली एक बाई माझ्या बाजूला बसली, अगदी कडेला, अर्धी.

दुर्वाला बाळदमा आहे. छाती वाजायला लागली की मला काय सुचत नाय, माझाच श्वास जातो. ती दोन वर्षांची असताना असं झालं, ओठ काळे पडायला लागले, मी तशीच धावत जाऊन मिनिडोरीत बसले, आणि बांधावर आल्यावर मामांनी गाडी थांबवली. बंद केली. मी ओरडले. "मामा, चला ना! कुणी नाय तिथं! माझी पोर मरल!" मी त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारल्या, हो, खरंच मारल्या, सासऱ्यासारख्या माणसाला. ते हलले नाय. "येतान," म्हणाले. आणि तिवरांतनं सोमी आली, एकटी, पळत, फडक्यात गुंडाळलेला तिचा पोरगा घेऊन. तो रडत नव्हता, काहीच करत नव्हता, डोळे अर्धे उघडे. सकाळपासनं ती तिथं उभी होती. दवाखान्यात दोन्ही पोरं एकाच खाटेवर ठेवली. डॉक्टरीण सोमीच्या पोराला तपासत म्हणाली, अजून थोडा उशीर झाला असता तर काय उपयोग नव्हता. मग मी मामांच्या तोंडाकडं बघूच शकले नाय.

येताना त्यांनीच विषय काढला. "तू हात वर करतेस तवा तुला वाटतं गाडी थांबल. यानी किती वर्सं हात वर केला, कोन थांबला नाय. चिखलाचा वास येतो म्हनतात, चिंबोऱ्यांचा वास येतो म्हनतात. मग मानूस हात वर करायचं सोडतो गो. रस्त्यावर उभं ऱ्हायचं पन सोडतो. झाडाआड उभा ऱ्हातो आनि बगतो." मी म्हणलं, "मग हाक मारायची ना." तर म्हणाले, "हाक मारली तर पलतात. आपुन गप थांबायचं. इंजिन पन बंद करायचं. चालू ठेवलं ना, त्याना वाटतं, हा निघला."

त्यानंतर मी बांधावर कधी तोंड उघडलं नाय. पण भीती गेली म्हणता? नाय गेली. उलट वाढली. आधी वाटायचं तिथं कुणी नाय म्हणून भीती, आता वाटायचं तिथं कुणीतरी आहेच, आपल्याला बघतंय, आणि आपल्याला दिसत नाय.

मागच्या सर्वपित्री अवसेची गोष्ट. घरोघरी कावळ्याला पानं ठेवायची गडबड, रस्त्यावर कुत्रं नाय, आणि अवसेचं उधाण भर दुपारी चढतं, पाणी बांधावर येतं, म्हणून तेवढ्या वेळात कुणी बांधावर जात नाय. नेमकी तेव्हाच दुर्वाची छाती वाजायला लागली. घरचं औषध दिलं, उतार नाय. मामा जेवायला बसणार होते, त्यांच्या बापाचं पान वाढलेलं तसंच ठेवून उठले. गाडीत मी, दुर्वा आणि हिराबाय, तिला लेकीकडं जायचं होतं. मामांना घाम फुटलेला, छाती चोळत होते, हिराबाय म्हणाली पण, "मामा, बरं नाय का?" ते म्हणाले, "उपाशी हाय, पित्त झालं आसल."

बांधाच्या मधोमध गाडी थांबली. इंजिन बंद झालं.

मी काय बोलले नाय. सोमीचा पोरगा मला आठवत होता. मी दुर्वाची पाठ चोळत होते आणि तिवरांकडं बघत होते, या गो, या लवकर, जो कोण असल तो या. त्या दिवशी चिखल बोलत नव्हता, भरती होती, चिखल पाण्याखाली गेलेला. नुसता दुर्वाच्या छातीचा आवाज, शिट्टीसारखा. पाणी चाकांशी आलं. हिराबाय म्हणाली, "मामा, पानी चढतंय वो." मामा समोर बघत होते. थांबल्यावर ते कधी बोलायचेच नाय, म्हणून आम्ही पण गप. त्यांच्या कानावर एक माशी बसली. मी त्या माशीकडं बघत होते. ती कानाच्या कडेनं फिरली, गालावर आली, डोळ्याकडं गेली. मामांनी हाकलली नाय. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण माणूस कसं असतं, मला वाटलं, किती शांत आहेत मामा.

मग ते आले. सोमी पुढं, तिचा नवरा काळू, मागं त्याचे दोन भाऊ. पण चढले नाय. गाडीच्या पुढं जाऊन पाण्यात उभे राहिले आणि काचेतनं आत बघायला लागले. चौघं, न हलता. मी ओरडले, "बसा ना गो, काय बघताय?" सोमी बाजूनं माझ्याकडं आली, एकदम हळू आवाजात म्हणाली, "बाय, मामा बसलाय. पन मामा नाय."

हिराबायनं पुढं वाकून मामांच्या खांद्याला हात लावला आणि तिच्या तोंडातनं जो आवाज निघाला तो मला अजून झोपेत ऐकू येतो. किती वेळ आम्ही मेलेल्या माणसाच्या पाठीमागं वाट बघत बसलो होतो देव जाणे. पाणी गाडीच्या पायरीला लागलं. फोनला तिथं रेंज नाय. आणि आम्ही एवढी माणसं, एकालाही गाडी येत नव्हती.

सोमीनं मला विचारलं पण नाय. तिनं दुर्वाला माझ्या मांडीवरनं उचललं, खांद्यावर टाकलं आणि तिवरांत शिरली. मी तिच्या मागं. कुठं वाट होती मला म्हायत नाय, कमरेएवढं पाणी, मुळं पायाला टोचतात, सोमी कुठं पाय टाकते तिथंच मी टाकत होते. पुढं पोरीचं डोकं हलताना दिसायचं, तेवढंच बघत गेले. डांबरी रस्त्याला लागलो तर सोमीनं दुर्वाला माझ्याकडं दिलं आणि मागं सरकली. "तू हात दाव. मी हितं आसले तर थांबनार नाय." मी हात वर केला. काशीदहून परतणारी पाव्हण्यांची मोठी गाडी थांबली, लगेच. मी दारात एक पाय ठेवून म्हणलं, "ही पण येणार, हिनंच आणलं." गाडीवाला म्हणाला, "कोण? कुणीच नाय तिथं." मी वळून बघितलं. नुसती पानं होती. मी हाक मारली, "सोमे!" पाणी लागलेली एक फांदी तेवढी हलली.

दुर्वाला वाफ दिली, सुया टोचल्या, संध्याकाळच्या आत तिचे ओठ लाल झाले आणि तिनं बिस्कीट मागितलं. मी बिस्कीट हातात धरूनच रडत बसले.

मामांचं पुढं काय झालं ते हिराबायनं सांगितलं. ती गाडीतनं उतरली नाय, "मेलेल्या मानसाला एकटं कसं सोडू," म्हणाली. उधाण भरात आलं तशी गाडी बांधावरनं खाडीकडं सरकायला लागली. तर काळू आणि त्याच्या भावांनी गाडी धरून ठेवली. छातीपर्यंत पाणी, तिघं गाडीला खांदा लावून उभे, पाणी उतरेपर्यंत. हिराबाय आतनं रडत म्हणत होती, "सोडा रे, तुमी बुडाल," तर काळू म्हणाला, "तो आमच्यासाठी थांबला व्हता ना."

पाणी उतरल्यावर त्यांनी गाडी गावाकडं ढकलत नेली. काळूनं दारातनं हात घालून स्टेरिंग धरलेलं, दोघं मागनं ढकलत होते, मामा आपल्या जागेवर बसलेले, निळा शर्ट, मागं हिराबाय. इंजिनचा आवाज नाय. गावात कुणालाच अजून काय म्हायत नव्हतं. वेशीवर दोन म्हाताऱ्या दुपारपासनं खोळंबून उभ्या होत्या, बांधाकडनं मामांची गाडी येताना बघितली तसा दोघींनी हात वर केला.

आणि काळूनं गाडी थांबवली.