नव्या काडतुसावर माझं नेलपॉलिश

मैत्रिणींनो, आज साताऱ्यात बंदुकीच्या दुकानात गेले होते. उसात रानडुकरं शिरतात म्हणून आमच्याकडे परवान्याची रायफल आहे. हल्ली गोळी झाडली की रिकामं काडतूस आत अडकतं, बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, उघडत नाही.

दुकानदार म्हणाला, "आवं बाई, रायफल झिजलीया. मला इकून टाका."

झिजली असेलही. पण रिकामी काडतुसं घेतल्याशिवाय हा नवी देत नाही, आणि मोजणीत घोळ नको म्हणून मी प्रत्येकावर नेलपॉलिशचा ठिपका लावून देते. आज त्याच्या 'नव्या' डब्यात तोच मरून ठिपका दिसला. म्हणजे आमचीच जुनी, पुन्हा दारू भरलेली; असं वापरलेलं पितळच फुगून आत अडकतं.

"कंपनीचा रंग हाय त्यो," म्हणे.

"कंपनी माझी शेड वापरते?"

त्या बोल्टमागे माझ्या नवऱ्याचा डोळा असतो; असं काडतूस आतच फुटलं तर? तुमच्या घरची काडतुसं कुणी निरखून पाहिलीत?