सत्यभामाबाईंची गप्प अंगणवाडी

पाचोडच्या पलीकडच्या वस्तीवर सत्यभामाबाईंच्या अंगणवाडीत मुलं आहेत की नाहीत, हे दारात उभं राहून कळत नसे. आत पंचवीसेक पोरं, हाताची घडी, तोंडावर बोट. आवाज फक्त खिचडी रटरटण्याचा. बाईंना त्याचा कोण अभिमान! पर्यवेक्षिका आल्या की बाई पदर सावरून अशा बघायच्या, जणू ही शांतता त्यांनी स्वतःच्या हातानं विणलीय. मदतनीस साळूबाई मात्र गिरणीवर दळणाच्या रांगेत कुजबुजायची, "बया, मला तर तिथं पोरांकडं पाठ करून बसवत नाय."

मग शहरात, उस्मानपुऱ्यात, सेविकांचं प्रशिक्षण निघालं. शिकवायला आलेल्या महेजबीन मॅडमनी पन्नाशीच्या सेविकांना सतरंजीवर बसवून ठोकळे रचायला लावले. "ताई, आज तुम्हीच पोरं. मुलांना हात लावू द्या, निवडू द्या, बोलू द्या. खेळतील तरच शिकतील." बाकीच्या खिदळल्या. सत्यभामाबाईंचा ठोकळा हातातच राहिला. परतीच्या एसटीत त्यांना एकच गोष्ट छळत होती: आपल्या एकाही पोराचा आवाज आपल्याला ठाऊक नाही. पुढच्या रांगेत बसणाऱ्या संस्कृतीचा आवाज बारीक की जाड? आठवेना. एवढ्या दिवसांत कधी ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपरे मांडले. ठोकळ्यांचा, रंगांचा, चिंध्यांच्या बाहुल्यांचा. "खेळा रे! बोला!" कुणी हललं नाही. बोटं तोंडावरच.

"लई पक्कं शिकवलं, बाई," साळूबाईनं टोमणा हाणला.

एका दुपारी बाई मागच्या दारानं आत आल्या आणि थबकल्या. पोरं बाहुल्यांपाशी गोळा झाली होती. बाहुल्या भिंतीला टेकवून रांगेत बसवलेल्या, प्रत्येकीच्या तोंडावर चिंधी घट्ट बांधलेली. समोर संस्कृती, खांद्यावर पदरासारखी ओढणी, मान बाईंसारखीच किंचित तिरपी. एकेका बाहुलीवरून ती नजर फिरवत होती. पोरं श्वाससुद्धा जपून घेत होती. खेळ रंगला होता, आणि तो सगळ्यांना पाठ होता.

भर उन्हाळ्यात बाईंच्या अंगावर काटा आला. मग त्या मुकाट्यानं रांगेच्या टोकाला, बाहुल्यांशेजारी जाऊन बसल्या. हाताची घडी घातली. संस्कृतीची नजर फिरत फिरत त्यांच्यावर आली. त्या नजरेत ओळख नव्हती.

"बाई," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि तो आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. कुण्या लहानग्या पोरीचा असावा तसा. "मला बोलायचंय."

संस्कृती उठली. "कोण बोललं?"

जाडसर होता तिचा आवाज.

बाईंकडं कुणी बोट दाखवलं नाही. मागून एक पोरगं हळूच म्हणालं, "मी." मग दुसरं, "मी." मग खिडकीपाशी, दारापाशी, खोलीभर. हसू नाही, दंगा नाही. नुसतं "मी", "मी".

चुलीपासून सगळं ऐकणाऱ्या साळूबाईला तिखटमीठ लावायची खोड आहेच. पण ती अजून शपथेवर सांगते, आवाज पोरांपेक्षा जास्त होते. सत्यभामाबाई त्या दुपारी तिथंच बसून, मान वळवून वळवून, कुठला आवाज कुणाचा ते ओळखत राहिल्या.