दुर्बिणीच्या स्क्रूला लावलेलं तेल

मोहाच्या तेलाचा वास आला की ती केस आजही डोळ्यापुढं उभी राहते. माझं शिक्षण सातवीपर्यंत. निवृत्त झालो सहायक फौजदार म्हणून. पण उमेदीची वर्षं पोलीस शस्त्रागारात काढली. रायफलीच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, हे मी तेव्हाही तोंडावर सांगत होतो, आजही सांगतो.

धान लोंबीवर आलं होतं. मार्कंड्याच्या देवळाच्या अलीकडच्या एका गावातून ठाण्यात फोन आला. "साहेब, धुऱ्याच्या भांडणात गोळी घातली. दुर्बिणीतून नेम धरून घातली."

जखमी झाला होता शेजारचा शेतकरी, जो गवंडीकामही करायचा. गोळी खांद्यातून आरपार गेली होती. झाडणाऱ्याकडं परवान्याची रायफल होती, पिकातलं रानडुक्कर मारायची वनखात्याची परवानगीही होती. पण दोघं आदल्याच दिवशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, साऱ्या गावासमोर भांडले होते. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. शाबित झाला असता तर माणूस वर्षानुवर्षं आत गेला असता.

पंचांसमोर रायफल जप्त केली आणि त्याला समोर बसवलं.

"मी डुकरालेच गोळी मारली, साहेब. तो बांधापाशी बसून होता, मले दिसलाच नाई."

"एवढी दुर्बीण लावून माणूस दिसला नाही?"

"दुर्बिणीत डुक्करच होतं ना! बाजूचं काय दिसते तिच्यात?"

हे खरं होतं. खोटं बोलणारा नजर चुकवतो म्हणतात. मी त्यावर कधी विसंबलो नाही. मी विचारलं, "दुर्बीण बसवली कोणी?"

"मीच. चांगली मोहाचं तेल लावून स्क्रू कसले."

"तेल काऊन?"

"बंडीच्या आकाले नाई लावत का? गंजू नये म्हणून!" बैलगाडीच्या कण्याचा दाखला देऊन तो उलट मलाच समजावत होता.

मी खुर्चीतून उठलो. दुर्बिणीच्या बैठकीला आणि स्क्रूला तेलाचा थेंब राहू द्यायचा नसतो. राहिला तर गोळीच्या धक्क्यानं स्क्रू ढिले होतात, दुर्बीण सरकते. मग नेम एकीकडं, गोळी दुसरीकडं.

ठाणेदार साहेब म्हणाले, "भांडण आहे, साक्षीदार आहेत. दोषारोपपत्राच्या तयारीला लागा."

"तपासणीशिवाय नाही, साहेब."

"फार हट्टी आहात."

"आहे."

रायफल सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवली. दुर्बीण आहे तशीच ठेवून गोळी झाडून पाहा, असं मुद्दाम कळवलं. अहवाल आला: दुर्बीण धरणाऱ्या पुढच्या कड्याचे स्क्रू ढिले, गोळी नेमाच्या बरीच डावीकडं जाते. झाडणारा उभा होता तिथून बांध डावीकडंच होता. उजवीकडं धानात डुकराचे खूर उमटलेले पंचांनी पाहिलेच होते.

खुनाच्या प्रयत्नाचं कलम निघालं. निष्काळजीपणाची शिक्षा त्यानं मुकाट्यानं भोगली.

अहवाल आला त्याच दिवशी दवाखान्यात गवंड्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यानं विचारलं, "म्हणजे तो मले मारून नाई राह्यला होता?"

"नाही."

"वाटलंच मले. गोट्या खेळतानाबी त्याचा नेम कधी लागला नाई!" हसताना खांदा दुखला, तरी हसला.

पुढं कोर्टातून रायफल परत मिळाली. ती घेऊन दोघंही माझ्या अंगणात हजर. मी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, जुनं तेल पुसून काढलं, रायफल लाकडी घोडीवर सपाट ठेवली. गवंड्यानं समोर ओळंबा धरला, गोळी लागून बऱ्या झालेल्या खांद्याच्याच हातानं. दुर्बिणीतली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीला जुळवली. मग कड्याचे स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे कसले. एकदम एकच बाजू आवळली की दुर्बीण कलते.

"आता लावशील तेल?" गवंड्यानं विचारलं.

"बंडीलेच लावीन, बाप्पा!"

गोळी कुणाला लागली यावरून नेम कुणावर होता हे ठरवू नये. मोठमोठ्या केसेस केल्या, पण हे मला या केसनं शिकवलं. धुऱ्याचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. भांडोत. भांडायला दोघंही गावात आहेत.