शॉकरमधलं तेल

बंगळूरमध्ये शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे माझं स्कूटरचे शॉकर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्या, दुरुस्त करायचं दुकान होतं. आम्ही चार पिढ्यांचे बंगळूरकर. घरात मराठी आणि दुकानात जो येईल त्याची भाषा. बायकोचा धाकटा भाऊ दुकानात लेथ चालवायचा. हात त्याचे आणि पाटी माझी, असं आमचं चालायचं. नव्वदचं दशक सरत आलं असताना या दुकानात एक गोष्ट घडली आणि तिचा दोष तेव्हापासून त्याच्या माथ्यावर आहे. तो माझा आहे. कसा, ते क्रमाने लिहितो.

आधी गिऱ्हाइकांची एक सवय सांगायला हवी. दुरुस्त केलेला शॉकर ते काउंटरवर उभा धरायचे, अंगाचा भार टाकून दाबायचे आणि सोडायचे. टक्‌कन वर उसळला की म्हणायचे, याच्यात जीव आहे. हळू वर आला की मेलेला. बावीस वर्षं हेच बघून मलाही तीच सवय लागली होती. मेहुणा चिडवायचा, "भावजी, तुमची गिऱ्हाइकं शॉकर घेतात की बाजारात आंबे दाबून बघतात?"

त्या सुमारास जाड टायरच्या, पुढे शॉकर असलेल्या सायकली शहरात दिसू लागल्या होत्या. महादेवपुऱ्याकडे एका कॉम्प्युटर कंपनीत काम करणारा पुण्याचा एक तरुण तशी सायकल घेऊन आला. रविवारी तो आणि त्याचे चार मित्र के. आर. पुरमच्या पलीकडे जुन्या खडीच्या खाणीत उतरणाऱ्या वाटेवर सायकली घालत. दुकानात मराठी ऐकून तो खूश झाला आणि पहिल्याच भेटीत मला काका म्हणाला.

"काका, हा शॉकर नाहीये, बॉलपेन आहे," तो म्हणाला. "दगडावर गेलं की चाक उडतं, आणि रस्त्यावर नुसतं पेडल मारलं तरी पुढचा भाग खाली-वर. मला टोटली फसवलंय."

मेहुण्याने उघडून पाहिलं. आत नुसती स्प्रिंग होती, तेल नव्हतंच. स्प्रिंग धक्का घेते, पण घेतलेला तितकाच परत देते. तो जिरवायला तेल लागतं. हे स्कूटरमध्ये आम्ही रोज करत होतो. पण सायकल हलकी, तिचा स्वार पाय मारणारा, आणि वाट कधी डांबरी तर कधी नुसते धोंडे. सगळीकडे एकच कडकपणा ठेवून भागणार नव्हतं.

"मग वाट बदलली की काय, उतरून स्क्रू फिरवायचा?" त्या तरुणाने विचारलं.

"नको. ते तेलच ओळखेल," मेहुणा म्हणाला. "स्वल्प वेळ द्या."

त्याला दोन महिने लागले. दुपारी काम कमी असलं की तो त्या शॉकरमागे लागायचा. नळीच्या आत तेलात वर-खाली सरकणारा दट्ट्या त्याने स्वतः कातला. त्यात एक सुईएवढं भोक आणि चार मोठी भोकं होती. मोठ्या भोकांवर पातळ पोलादी चकत्या एकावर एक बसवल्या. पेडल मारताना किंवा ब्रेक लावताना दट्ट्या सावकाश सरकतो. तेव्हा तेल सुईच्या भोकातून कसंबसं जातं आणि शॉकर कडक राहतो. चाक दगडावर आपटलं की दट्ट्या झपकन सरकतो, तेलाच्या दाबाने चकत्या वाकतात, मोठी वाट उघडते आणि शॉकर नरम होतो. दगड गेला की चकत्या पुन्हा सरळ. त्यासाठी स्वाराला काही करावं लागत नाही.

परतीची गत वेगळी होती. स्प्रिंग चाकाला परत खाली ढकलते, ती मोकाट सुटली तर हँडल हातातून उसळतं. म्हणून परतीसाठी दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला वेगळ्या चकत्या होत्या. पहिल्यांदा त्या फार ताठ झाल्या. एकामागून एक तीन दगड आले की शॉकर वर यायच्या आतच पुन्हा दबायचा, आणि तिसऱ्याला दबायला जागाच उरायची नाही. मेहुणा दर रविवारी त्या तरुणाबरोबर खाणीवर जायचा. नळीवर रबरबँड चढवायचा आणि वाट उतरल्यावर तो किती वर सरकला त्यावरून शॉकर किती दबला ते बघायचा. एकेक चकती कमी करत, तेल थोडं जाड-पातळ करून बघत शेवटी जमलं. त्या दिवशी पंचेचाळीसच्या घरातला हा माणूस स्वतः सायकलवरून वाट उतरला होता. दुकानात येऊन म्हणाला, "भावजी, चाक जमिनीला धरून राहतं. आता काही हलवायचं नाही."

पुढच्या रविवारी त्या तरुणाचे मित्र शॉकर बघायला येणार होते. त्यांना आवडला तर चौघांना तसेच करून हवे होते.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मेहुणा जेवायला घरी गेला होता. सायकल दुकानातच होती. मी हँडलवर भार टाकून शॉकर दाबला आणि सोडला. तो अगदी सावकाश वर आला. मला वाटलं, उद्या ती पोरं पहिलं हेच करणार आणि मेलेला म्हणून हसणार. दाबताना हात सावकाश चालतो, दगडाचा फटका त्याला देताच येत नाही, हे मेहुण्याने मला दहादा सांगितलं होतं. मी चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधलं तेल काढलं आणि जॅकमध्ये घालायचं पातळ तेल भरलं. दोन्ही तेलांचे डबे सारखेच होते, रंग उडालेले, चिठ्ठी नसलेले. पुन्हा दाबलं. टक्‌कन वर! मला बरं वाटलं.

तो आल्यावर सांगायचं, असं मनात होतं. पण तो आला तेव्हा दुकानात तीन स्कूटरवाले उभे होते. मग राहून गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे तो चिडेल आणि तेल पुन्हा बदलेल म्हणून मी सांगितलं नाही.

रविवारी मीही खाणीवर गेलो. पहिलं झालं ते मला वाटलं होतं तसंच. चारही मित्रांनी शॉकर दाबून पाहिला. "अरे, सही आहे!" एक जण म्हणाला. मेहुण्याची नजर शॉकरवर गेली. कपाळाला आठी पडली.

"एक मिनिट. मी एकदा बघतो," तो म्हणाला.

"काय बघतोस आता?" मी म्हणालो. "ऊन चढतंय. जाऊ दे त्या पोराला."

तो बाजूला झाला. त्याने माझा मान ठेवला, एवढंच.

पहिल्या मोठ्या दगडावर शॉकर तळापर्यंत गेला आणि तिथून उसळला. दुसऱ्या दगडावर चाक जमिनीवर नव्हतंच. तो तरुण हँडलवरून पुढे फेकला गेला. खांद्याजवळचं हाड मोडलं. दीड महिना हात गळ्यात होता. मित्रांनी नंतर शॉकर करून घ्यायचा विषय काढला नाही.

सोमवारी मेहुण्याने शॉकर उघडला, तेल बशीत घेतलं आणि दोन बोटांत चोळलं. बराच वेळ चोळत होता.

"भावजी, हे पातळ तेल आहे."

"मग?" मी म्हणालो. "भरलं कोणी?"

"मीच."

"मग डबा चुकला असेल तुझा."

मी एवढंच म्हणालो. तो रॅककडे गेला, दोन्ही डबे उचलून पाहिले, खाली ठेवले. "असेल," म्हणाला.

दुपारी जेवायला आमच्या घरी आला तेव्हा त्याच्या बहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला बरंच सुनावलं. "लहानपणापासून तुझं लक्ष एका जागी नसतं. दुसऱ्याच्या लेकराचं हाड मोडलंस! मान मोडली असती तर?" तो खाली बघून भात कालवत होता. "सरी अक्का, सरी, बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातल्या प्रत्येक डब्यावर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलं. त्यानंतरही तेल भरण्याआधी मला हाक मारायचा, "भावजी, बघा ना, हेच ना?" मी बघायचो आणि हो म्हणायचो. दिवसातून पाच-सहा वेळा. सायकलचा दट्ट्या त्याने पुन्हा हातात घेतला नाही. वर्षभरात तो शहराच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागला. तिथे दुसऱ्याने काढलेल्या ड्रॉइंगप्रमाणे एकच बुश, म्हणजे छोटी पोकळ नळी, कातायचा, आणि तपासायला वेगळा माणूस असायचा. निवृत्त होईपर्यंत तो तेच करत होता.

पुढे मी वाचलं, ऐकलं, कारागिरांना विचारलं. चांगल्या सायकलींच्या शॉकरमध्ये चकत्यांची हीच रचना असते. ती त्याने कुठलं पुस्तक न बघता, शिवाजीनगरच्या एका गाळ्यात केली होती आणि ती बरोबर चालत होती.

गेल्या महिन्यात के. आर. पुरमला त्याच्या घरी जाऊन मी त्याला सांगितलं. मी एकोणऐंशीचा आहे, तोही सत्तरीत आहे. तो ओरडला नाही.

"जॅकचं तेल घातलंत?"

"हो."

"म्हणजे चकत्या बरोबर होत्या."

"होत्या."

"आणि डबाही माझा चुकला नव्हता."

"नाही."

तो म्हणाला, "भावजी, मी अजून रोज गॅसचं बटण तीनदा बघतो. मुलगी हसते मला." मग म्हणाला, "हे लिहून द्या. तिला वाचू दे. आणि अक्काला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

काल जेवताना बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकलं. चकत्यांचं वगैरे काही विचारलं नाही.

"त्या दुपारी मी त्याला बोलत होते," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"शेजारीच जेवत होतो."

तिने हात धुतले. पिशवीत चष्मा आणि गोळ्यांची डबी टाकली आणि भावाकडे जाते म्हणाली. मी ऑटो बघायला उठलो.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी बघते."