चिबडाच्या कडेला गाडी

भावाने चाकांवरचं घर भाड्याने आणलं तेव्हा मला हसूच आलं. टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या खुर्च्या काढून आत पलंग, गॅसची शेगडी आणि कोपऱ्यात संडास बसवलेला. जन्मात कधी सहलीला न गेलेल्या आमच्या घराला एकदम ही साहेबी हौस! पण कारण होतं. अर्धांगवायूने वडिलांची उजवी बाजू गेली होती, मोटारीत त्यांना तासभरही बसवत नव्हतं, आणि कोपरगावजवळचं आपलं रान त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

रान उरलंच नव्हतं. जमीन होती जागेवर, पण तिचं चिबड झालं होतं. वर पांढरी खारट पापडी, खाली कधीच न वाळणारा चिखल, मध्ये पाणकणसाच्या उंच गवताची बेटं. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. आठ वर्षांपूर्वी झटका आल्यावर वडील पुण्याला भावाकडे राहायला आले, तेव्हा पांढरे डाग दिसायला लागले होते. त्यांना वाटलं, गड्याने खत सांडलं. पुढचं त्यांना कुणीच सांगितलं नाही. आई रोज म्हणायची, ऊस जोरात आहे.

आणि हे चिबड केलं कुणी? त्यांनीच. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की रान भिजवायचंच, उसाला तहान असो वा नसो. आपण पाणी सोडून दिलं तर शेजाऱ्याच्या रानात जाईल, ही पोटदुखी. आमच्याकडे सगळेच तसं करायचे, वडील जरा जास्तच. शेतकी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी म्हणाले होते की पाणी कमी करा, कडेने चर खणा, नाहीतर खार वर येईल. त्यांनी गड्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली आणि पुढच्याच महिन्यात माझं कॉलेज बंद केलं. शेजारच्या काकांनी मात्र आपल्या रानात चर खणला. वडील त्यांना उंदीर म्हणायचे, तोंडावर.

भावाचा बेत सोपा होता. आमचं रान आणि काकांचं रान यांच्या मधून रस्ता जातो. गाडी अशी लावायची की पलंगावरून काकांचा ऊस दिसेल. दुसऱ्या खिडकीचा पडदा ओढलेला ठेवायचा आणि म्हणायचं, हा तुमचाच. आडव्या माणसाला दिशा काय कळणार?

"ताई, तू फक्त गप्प बस," भावाने मला बजावलं. "सुखाने जाऊ देत त्यांना."

मी हो म्हटलं. खरंच गप्प बसणार होते मी.

भर दुपारी पोचलो. काका आले होते. त्यांनाही सगळं सांगून ठेवलं होतं आणि ते बिचारे तयारही झाले होते. ऊस बघून वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही क्षणभर गलबलून आलं. मग ते काकांना म्हणाले, "बगितलास का रं उंदरा, ह्याला ऊस म्हनत्यात." आणि माझ्याकडे वळून, अर्ध्या तोंडाने हसत, "काय गं, तुजं कालेज काय म्हनत हुतं? त्या दिशी हानली, ती बराबर हानली."

काका खाली बघत राहिले. आई म्हणाली, "व्हय, तुमचंच खरं हाय."

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. मी दुसऱ्या खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला सारला. "ताई, नको," भाऊ ओरडला. मी वडिलांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उचलून दुसऱ्या कुशीवर टाकलं. हलके झाले होते ते.

"हे तुमचं," मी म्हणाले. "तो ऊस काकांचा. चर खणलेल्या उंदराचा."

ते बघत राहिले. मग विचारलं, "इहीर कुटं हाय?"

मी बोट दाखवलं. पाणकणसातून विहिरीचा कठडा तेवढा वर आलेला दिसत होता. तो त्यांनी ओळखला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"पलटव मला."

स्वतःहून कूस बदलणं त्यांना शक्य नव्हतं. मी खाली उतरले आणि दारातच उभी राहिले. आई पदर तोंडात धरून रडत होती. आतून हाका येत होत्या, आधी रागाने, मग विनवणीने. भाऊ आत जायला आला तर मी त्याला म्हणाले, "राहू दे. बघू देत की." मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? इतक्या वर्षांत तेवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी भावाने मला ढकलून आत जाऊन त्यांना पुन्हा उसाकडे वळवलं. काकांचा ऊस समोर येताच वडील किंचाळले, "तिकडं नगं!" मग त्यांना कुठल्या कुशीवर निजवावं तेच भावाला कळेना. त्यांना उताणं निजवून, दोन्ही पडदे ओढून आम्ही पुण्याला निघालो.