मामांनी कानात सांगितलं

मामा आचारी स्वयंपाकातली चूक कधीच मोठ्यानं सांगत नसत. कुणाकडे जेवून उठले की हात धुऊन सरळ चुलीपाशी जायचे, ज्यानं रांधलं असेल त्याच्या कानाशी वाकायचे आणि दोन शब्दांत सांगून मोकळे व्हायचे. "फोडणी करपली." "डाळ जुनी हाय." बाईमाणूस असेल तर दारातूनच, हळू आवाजात. बाहेर कुणी विचारलंच, "काय मामा, कसं झाल्तं जेवण?" तर ठरलेलं उत्तर, "पोटभर जेवलो ना!" त्यातून तुम्हाला काय समजायचं ते समजा.

ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते आणि सगळ्या घनसावंगीचे मामा होते. लग्न ठरलं की लोक आधी मामांना तारीख विचारायचे, मग भटजींना. दंडापर्यंत तेलाच्या चटक्यांचे डाग, डोक्याला पंचा, आणि नाक असं की वाफेवरून मीठ सांगणार. रांधताना कधी चाखायचे नाहीत. "आचारीच चाखत बसला तर देवाला अन् पाव्हण्याला काय उष्टं वाढायचं?" म्हणायचे.

पंगतीचा त्यांचा कायदा फार कडक होता. शेवटच्या पानावर शेवटचा पदार्थ पडेपर्यंत पहिल्या पानाला हात लावायचा नाही. एकदा एका बड्या पाहुण्यानं आधीच लाडू मोडला, तर मामा वाढप थांबवून त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. त्या गृहस्थानं मोडलेला लाडू पुन्हा जोडून ठेवला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्या बहिणीचं लग्न ब्याऐंशी-त्र्याऐंशीतलं. वडील नव्हते, सगळा भार माझ्यावर. वरपक्षानं दीडशे माणसं सांगितली आणि उतरली पावणेचारशे! माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी धावत चुलीकडे गेलो. मामा म्हणाले, "तू मांडवात उभा राह्य. हसून बोल पाव्हण्यायशी. इकडं बिलकुल फिरकू नको." वरणाची त्यांनी चिंचगुळाची आमटी केली, बुंदीच्या उरलेल्या पिठाची भजी कढीत सोडली, वांग्याच्या फोडी निम्म्या केल्या. कुणाला पत्ता लागला नाही. व्याही तर आमटी तीनदा मागून प्यायले! घरची अब्रू राहिली.

सगळं उरकल्यावर मी मांडवामागं गेलो. रिकाम्या पातेल्याशी उकिडवे बसून मामा भाताची खरवड उलथन्यानं काढत होते. सोबत एक हिरवी मिरची. "आचाऱ्याला हेच गोड लागतं," म्हणाले. मला भडभडून आलं. ज्यानं पावणेचारशे माणसं जेवू घातली, त्याला कुणी बसवून वाढलं नव्हतं. तेव्हाच ठरवलं, एक दिवस या माणसाला चांगल्या जागी बसवायचं, चारचौघांनी वाढायचं आणि यांनी फक्त जेवायचं.

पुढे मला जालन्यात शाळेत नोकरी लागली. गावात तेव्हा एक नवं फॅमिली रेस्टॉरंट निघालं होतं. खाली गालिचा, मंद दिवे, पेल्यात पंख्यासारखा खोवलेला रुमाल. म्हटलं, हेच! मामांना पत्र टाकलं. धुतलेलं धोतर, नवी टोपी घालून मामा काळीपिवळीनं आले. गुबगुबीत खुर्चीवर अगदी कडेला टेकले.

तीन भाज्या, रोट्या, पुलाव आला. मामांचे हात मांडीवरच.

"घ्या मामा."

"होऊ दे की सगळ्यायचं वाढून."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते मान वळवून सगळा हॉल न्याहाळत होते. डावीकडच्या टेबलावर नुसतं पाणी आलं होतं.

"मामा, इथं ज्यानं त्यानं आपापलं जेवायचं असतं."

"मंग एका छताखाली कामून बसवून राह्यले?"

एका टेबलावर वाढून होई, तोवर दुसरं कुणी येऊन बसे. रोट्या गार होऊन वहाणेच्या तळासारख्या झाल्या. शेवटी मी गळ्याची शपथ घातली, तेव्हा मामांनी घास मोडला.

आणि जेवण तरी कसलं! तिन्ही भाज्यांना एकच लाल रस्सा. एकीत वाटाणे, एकीत आंबलेलं पनीर, तिसरीत काय होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पुलाव मधे कच्चा. माझं टाळकं सरकलं. उठून ओरडलो, "मालकाला बोलवा!"

मामांनी माझं मनगट धरलं. "गुर्जी, खाली बस. आत ऐकू जातं."

"जाऊ द्या ना! हे काय माणसाचं खाणं आहे?"

"आत ऐकू गेलं की रांधणाऱ्याचा हात कापतो. मंग पुढच्याचं बी बिघडतं."

ते सगळं ताट पुसून जेवले. मी माझं ताट बाजूला सारलं. मग हात धुऊन, वेटर नको नको म्हणत असताना, मामा थेट भटारखान्यात शिरले. तीन शेगड्यांवर एकटा एक बारका माणूस घामानं निथळत होता. मामा त्याच्या कानाशी वाकले. कांद्याचं काहीतरी असावं, कारण त्यानं कढईत पाहून मान डोलावली. मग मामांनी विचारलं, "जेवले का तुम्ही?"

"अभी कहाँ, चाचा," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर मी रडकुंडीला आलो. "मामा, चुकलंच माझं. तुम्हाला बसवून चांगलं खाऊ घालायचं होतं हो."

"जेवण वाईटच व्हतं, खोटं कामून बोलू?" मामा म्हणाले. "पन त्याचं येवढं न्हाई. आपण बसलो अन् रांधणारा उपाशी. त्याला काय पंगत म्हनायचं?"

ती हौस मनातच राहिली. माझं लग्न झालं, मुलं झाली. मामांना दिसेनासं झालं, आचारीपण सुटलं. डोळे दाखवायला म्हणून एकदा आमच्याकडे जालन्याला उतरले. बायकोनं भरीत, शेंगदाण्याची चटणी, गरम भाकरी असा बेत केला. मुलांची पानं मांडली, मामांसाठी पाट मांडला, शेजारी मी बसलो. मामांचे हात मांडीवर.

"सूनबाईचं पान?"

"ती मागून बसते," मी सहज बोलून गेलो.

मामांचा हात मांडीवरून हलला नाही. आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हॉटेलात मालकाला बोलवा म्हणून ओरडणारा मी; घरात बारा वर्षं रोज गरम भाकरी हाणत होतो आणि ती मागून बसत होती! उठलो. बायकोला माझ्या जागी बसवलं आणि राहिलेल्या भाकरी थापायला घेतल्या. "अहो, मोडेल ती!" ती ओरडली. मोडलीच. एक कडेनं जाड, मधे कच्ची. सगळी पानं पुरी झाली, मीही टेकलो, तेव्हा मामांनी अंधुक नजरेनं सगळ्यांकडे पाहिलं, "हर हर महादेव" म्हटलं आणि घास घेतला. माझी ती जाड भाकरी त्यांनी मागून घेतली.

हात धुतल्यावर भिंत चाचपत माझ्याजवळ आले, कानाशी वाकले. "पीठ गरम पान्यात मळ. अन् तवा तापू देत जा."

"काय म्हणाले हो?" बायकोनं विचारलं. मी तवा उचलून ठेवला. मामांनी मला रांधणाऱ्यांत धरलं होतं.

त्या वर्षीच्या थंडीत मामा गेले. रविवारच्या भाकरी आता माझ्याकडे असतात, बऱ्यापैकी गोल येतात. शेवटचं पान वाढल्याशिवाय घरात कुणी हात लावत नाही. मुलं भुकेनं कुरकुरतात, पण हळू. आत ऐकू जातं, हे त्यांना ठाऊक आहे.